रिकामा रकाना

“चाबीच सापडत नाहीये, मॅडमजी,” पंढरीनाथ तिसऱ्या दिवशीही तेच म्हणाले.

पद्मजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेकॉर्डरूमची किल्ली या माणसाच्या कमरेला चोवीस तास लटकलेली असते, हे अख्ख्या प्रयोगशाळेला ठाऊक होतं. वीस वर्षं फायली सांभाळल्या, आणि नेमकी तिला हवी असलेली फाइलच मिळू नये? काय म्हणावं आता!

तिने हातातली गुलाबी बाटली त्यांच्या टेबलावर आपटली. बाटली अबोलीची, तिच्या मुलीची. गेल्या वर्षी इंदूरमधल्या चाळीस शाळांनी ती मुलींना वाटली होती. वर ‘प्रयोगशाळेत तपासलेली’ असं छापलेलं. अबोली रोज त्यातून गरम दूध न्यायची.

आणि दोन महिन्यांपूर्वी त्या आठ वर्षांच्या पोरीला पाळी आली. “आई, मला कुठे लागलंय का गं?” असं बाथरूममधून ओरडली होती ती.

डॉक्टर म्हणाल्या, एकाच वस्तूवर बोट ठेवता येत नाही. पण पद्मजा याच प्रयोगशाळेत वरिष्ठ अधिकारी होती. तिने बाटली स्वतः तपासली. थंड पाण्यात काहीच उतरलं नाही. गरम दूध ओतलं मात्र, शरीरातल्या हार्मोनची नक्कल करणारं रसायन त्यात भरभरून उतरलं.

मग तिने शाळेकडून प्रमाणपत्राची प्रत मिळवली. गरम चाचणीचा रकाना चक्क रिकामा! आणि खाली शेरा काय, तर ‘सुरक्षित’. बाहेर जाणाऱ्या प्रतीवर नुसता गोल शिक्का असायचा. तारीख आणि सही फक्त मूळ कागदावर. वर नमुनेही नाव झाकून, नुसत्या क्रमांकाने यायचे. कुठला क्रमांक कोणत्या कंपनीचा, ते एकट्या पंढरीनाथांच्या रजिस्टरात.

“रिकामा रकाना बघूनसुद्धा सही ठोकणारा हा महाभाग कोण? मला नाव पाहिजे.”

“रोज चाळीस-पन्नास कागद असतात, मॅडमजी. गठ्ठ्यात एखादा निसटून जातो.”

“निसटून जातो? चाळीस शाळांमधल्या पोरी आहेत त्या! लाज नाही वाटत त्याची बाजू घ्यायला?”

पंढरीनाथांनी मान खाली घातली. टेबलावरचा पेपरवेट उगाच सरकवला.

“गेल्या वर्षी अबोली बिटियाच्या बर्थडेला पेढे दिले होते तुम्ही,” ते म्हणाले. “गेटवरच. किती जल्दीत होत्या, स्कूटीवरून उतरल्यापण नव्हत्या...”

“विषय बदलू नका!”

“बाटल्या परत मागवू ना. नाव कशाला? नाही तर माझं लिहा. चार महिन्यांत रिटायर होतोय, क्या फरक पड़ता है.”

“कंपनीने काय पाजलंय तुम्हाला, पंढरीनाथजी?”

त्यांचा चेहरा एकदम पडला.

पद्मजाने तक्रारीचा कागद पुढे सरकवला. सगळ्या बाटल्या परत घ्याव्यात. गरम चाचणीशिवाय एकही प्रमाणपत्र देऊ नये, असा नियम करावा. आणि ज्या अधिकाऱ्याने डोळे मिटून सही केली, त्याला आजच्या आज निलंबित करावं. वर जिना चढण्याएवढाही धीर नव्हता तिला. सकाळी आवारातच स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून तिने हिरव्या शाईत सही केली होती. सीटच्या उतारावर सहीखालची रेघ पार खाली घसरली होती. असू दे. तक्रार ऐकणाऱ्या समितीला रेघ कुठे बघायची होती? समितीला मूळ कागद हवा होता, आणि तोही पाचच्या आत. त्याशिवाय एक बाटली परत येणार नव्हती.

“मूळ कागद एकदा तक्रारीला जोडला की मागे नाही घेता येणार,” पंढरीनाथ हळूच म्हणाले. “सोचून घ्या, बेटा.”

इतक्या वर्षांत ते तिला पहिल्यांदाच बेटा म्हणाले.

“त्याने विचार केला होता का? आणा फाइल.”

त्यांनी कमरेची किल्ली सोडली. आत गेले, धूळ न बसलेली एक फाइल घेऊन आले, त्यातला कागद काढून तिच्या तक्रारीशेजारी ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

पद्मजाने बघितलं. तोच रिकामा रकाना. वर अबोलीच्या वाढदिवसाची तारीख. आणि तळाला हिरव्या शाईतली सही, जिच्याखालची रेघ शेजारच्या कागदावरच्या रेघेसारखीच पार खाली घसरली होती.