ढगाच्या मधोमध

"आई, दुपारपासून बाळ हललं नाहीये."

मालनच्या हातातली दूर्वांची जुडी तशीच राहिली. सातवा महिना लागलेली सून, कृतिका, लॅपटॉपसमोर पोट धरून बसली होती. चेहरा पांढराफटक. मालननं मुलाला, केतनला, फोन केला. तो ठाण्याहून निघाला, पण तोवर थांबायचं कसं? कोपर स्टेशनजवळच्या रिक्षावाल्याला तिनं बोलावून घेतलं. देवाचं नाव घ्यायला गेली, तर ओठच हलेनात.

"ते काळं काय गो?" तिनं पडद्याकडे बोट केलं. पोरीचं मन दुसरीकडे न्यायला दुसरं काही सुचलं नाही.

"धूळ, आई. ताऱ्यांच्या मधली. धूळ आणि गॅस बरोबरच राहतात. गॅसचा सिग्नल येतो, त्यावरून आम्हाला कळतं तो किती आहे ते. पण या ढगात मधोमध, जिथं धूळ सगळ्यात दाट, तिथंच सिग्नल बंद."

"म्हणजे संपला?" विचारलं आणि मालननं जीभ चावली.

"नाही. तिथं एवढी थंडी असते, की तो गोठून धुळीच्या कणांना चिकटतो. असतो तिथंच, कळत नाही फक्त. अशाच जागी तारा जन्माला येतो." कृतिकाचा आवाज चिरकला. "पोरांना शिकवते मी हे. आणि स्वतःला धीर धरवत नाही."

पाणी आणायला मालन स्वयंपाकघरात गेली. सुनेसाठी झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं. भात वाळला होता.

"तू जेवली नाहीस?"

कृतिकानं मान खाली घातली. "डॉक्टर म्हणाल्या ना, वाढ जरा कमी आहे. भीती वाटली. म्हणून तुमच्यासारखी चतुर्थी धरली. पाण्याशिवाय."

"मी कधी पाण्याशिवाय धरली?"

"तुम्हाला चतुर्थीला पाणी पिताना कधी बघितलंच नाही मी."

मालनच्या लक्षात आलं. उपासाच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून, कुणाला दिसणार नाही असं पाणी प्यायचं, ही सासूच्या धाकानं लागलेली सवय. सासू केव्हाच गेली. सवय राहिली.

चंद्र उगवायचा होता. नैवेद्याचे मोदक देवापुढे झाकलेले होते. मालननं झाकण काढलं आणि एक मोदक सुनेच्या तोंडाशी नेला.

"आई, देवाचे आहेत ते."

"खा."

दुसरा भरवला. वर गुळाचं पाणी पाजलं. खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. मालन तिला उठवायला गेली, तर कृतिका जागची हलेना. सुनेनं तिचा हात ओढला आणि पोटावर घट्ट दाबून धरला.

तळव्याखाली आतून एक हलकी लाथ बसली. मग आणखी एक.

"तरी दाखवून येऊ," मालन हळूच म्हणाली. मग तिनं तांब्या उचलला आणि सुनेकडे तोंड करून घटाघटा पाणी प्यायली.