अर्ध्या शेवया

वाउटरच्या वाडग्यात शेवया नावालाच होत्या. टपरीवर शेजारी बसलेल्या मोटरसायकलवाल्याच्या वाडग्यातून त्या ओसंडत होत्या, आणि वाउटरपुढे नुसता रस्सा, माशाचे तुकडे अन् पाल्याचा ढीग.

मार्लूसनं ते बरोबर हेरलं. वाउटरची ही एकुलती एक लेक आदल्याच दिवशी नेदरलँड्सहून व्हिएतनाममधल्या न्हा त्रांगला आली होती. यायच्या आधीच तिनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, सत्तरी उलटली तुमची. तिथं तुमच्याकडे बघायला कुणी नाही असं दिसलं, तर मी तुम्हाला घेऊनच निघणार. माझ्या घराजवळच्या वृद्धाश्रमात खोली धरून ठेवलीय."

वृद्धाश्रमाचं नाव काढलं की वाउटर विषयच बदलायचा. जन्मभर जहाजांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर समुद्राकाठच्या या गल्लीत येऊन राहिला, तो इथलाच होऊन गेला. आता हलायचं त्याच्या मनात नव्हतं. पण अलीकडे त्याला साखर निघाली होती, आणि ते लेकीला माहीत नव्हतं.

गल्लीला मात्र माहीत होतं. औषधाच्या दुकानातल्या बाईनं रिपोर्ट मोठ्यानं वाचला, झालं! आमच्या गल्लीत एकाला शिंक आली की दुसऱ्या टोकाला आलं किसायला घेतात, तिथं साखर कुठली लपतेय? म्हणून लेक यायच्या आधी वाउटर दारोदार हिंडला होता. "पोरीला कळता कामा नये हो. नाहीतर उचलून नेईल मला." तोंड उघडणार नाही म्हणून सगळ्यांनी शपथा घेतल्या. शेवयांबद्दल मात्र कुणी काहीच कबूल केलं नव्हतं.

"पैसे तेवढेच घेते ना ती शेवयावाली?" मार्लूस म्हणाली. "मग विचारा तिला, तुम्हालाच शेवया का कमी?"

वाउटरनं शेवयावाल्या थ्वाला तिच्या भाषेत विचारलं. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"विचारताय काय काका? परवा साखर किती निघाली होती? गुमान पाला खा."

"काय म्हणाली?"

"आज शेवया कमी पडल्यात म्हणाली."

तेवढ्यात थ्वानं मोटरसायकलवाल्याला न मागता आणखी मूठभर शेवया वाढल्या. मार्लूसच्या कपाळावर आठी पडली. वाउटरनं घाईघाईनं तिला कॉफी प्यायला पलीकडे नेलं.

ही आगीतून फुफाट्यात उडी होती. कॉफीवाल्या हुए आजीनं मार्लूसच्या पेल्यात डब्यातलं घट्ट गोड दूध सढळ हातानं ओतलं, आणि वाउटरपुढे काळीकुट्ट कॉफी आपटली. मार्लूसनं त्यातला एक घोट घेऊन बघितला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"कडू जहर आहे ही!"

"मला अशीच आवडते."

"काहीतरीच! आई साखरेचा डबा लपवून ठेवायची तुमच्यापासून."

वाउटर कात्रीत सापडला. खरं बोलावं तर आजार उघडा पडतो, न बोलावं तर गल्ली चोर ठरते. तो हुए आजीकडे वळून काकुळतीला आला. "आजच्या दिवस दूध घाला हो. माझी अब्रू वाचवा."

"नाही मिळायचं," म्हणत आजीनं दुधाचा डबा उचलून स्वतःच्या स्टुलाखाली ठेवला.

हे समजायला मार्लूसला भाषेची गरज नव्हती. ती ताडकन उठली.

"बस्स झालं! एकटा परका म्हातारा बघून लुबाडतायत सगळे. आजच बॅग भरा." तिनं फोन काढला, भाषांतराचं बटण दाबलं आणि विचारलं, "माझे बाबा पैसे देतात, मग मागितलेलं त्यांना का देत नाही तुम्ही? चोरी आहे ही!"

फोन व्हिएतनामी बोलला. हुए आजीनं वाउटरकडे बघितलं.

"भाऊ, शपथ घेतली होती मी. पण पोर चोर म्हणतेय, आता कशी गप्प बसू?" मग पलीकडे कुणी ठार बहिरा असल्यासारखी ती फोनमध्ये ओरडली, "तुझ्या बापाला साखर आहे! दूध देणार नाही. रडला तरी देणार नाही!"

थ्वा पळी घेऊनच धावत आली. "शेवयाही अर्ध्याच! आणि संध्याकाळी चालायला निघाला नाही की माझा नवरा दार बडवतो त्याचं!"

"माझ्याकडे गुपचूप पाव मागायला आला होता," समोरची पाववाली ओरडली. "हाकलला मी!"

सगळ्याजणी एकदम फोनवर तुटून पडल्या. तो बिचारा भांबावला आणि नुसता "पाव, पाव" करत बसला.

मार्लूस बापाकडे वळली. "साखर आहे तुम्हाला?"

"आहे."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तू मला इथं राहू दिलं असतंस?"

मार्लूसनं तिथूनच वृद्धाश्रमाला फोन लावला. वाउटरचे डोळे भरून आले. थ्वानं पदर नव्हता म्हणून बाहीनंच नाक पुसलं. हुए आजी स्वतःच्याच तोंडावर हलकी चापटी मारून घेत होती.

"ती खोली दुसऱ्या कुणाला द्या," मार्लूस फोनवर म्हणाली. पलीकडचं बोलणं ऐकून ती हसली. "छे हो, बरे कसले! आजारी आहेत चांगलेच. म्हणून तर इथं ठेवतेय त्यांना."