फेरपरीक्षा

“सर, हृदयातून रक्त कसं फिरतं, सांगा,” त्यांचा रिपोर्ट मिटत मी म्हणाले.

बावीस वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत त्यांनी मला हेच विचारलं होतं. मी ट्रेमधलं हृदय उचललं, वडील दुकानात उचलायचे तसंच, नळ्यांना धरून. बाहेरून आलेल्या परीक्षकांदेखत ते खदखदून हसले. “खाटकाची पोर ना तू? मग बकऱ्यांची काळजं काप जा!” माझं उत्तर ऐकूनही न घेता त्यांनी मला नापास केलं.

आज खाटेवर बसून ते मुकाट्याने सांगू लागले. “आधी उजवे कप्पे... मग फुप्फुसं... तिथून डावे कप्पे...” त्यांना धाप लागली.

“आणि शेवटी महाधमनीची झडप,” मी पुरं केलं. “तुमचं रक्त तिथंच अडतंय. झडप बदलावी लागेल. डुकराच्या हृदयातली बसवू.”

“जन्मात अंड्याला शिवलो नाही मी! दुसरी नाही?”

“तुमच्या वयाला हीच बरी.”

ते माझा चेहरा निरखत राहिले. हळूहळू त्यांच्या ओठांचा रंगच उडाला.

“ऑपरेशन... कोण करणार?”

“खाटकाची पोर, सर.”