दुपट्ट्याखाली

थंडी पडली की नागपूरच्या ठोक बाजारात हिरव्यागार सांभाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, ढीगच्या ढीग येतात अन् भाव पार बसतो. त्या सकाळी तर फुकट दिली तरी जुडी कोणी उचलेना. कुहीचे डोमाजी दोन पोती घेऊन अडतीवर आले, तेव्हा विक्कीनं मोबाइलमधून मान वर न काढताच भाव सांगून टाकला.

त्याचे वडील, म्हातारे गिरिधरजी, मात्र गादीवरून उठले. सवयीनं त्यांनी एक जुडी उचलली, तर ती हातातच सुटली. तीस हिवाळे ते डोमाजींचा माल घेत होते. डोमाजींच्या बायकोनं, सरूबाईनं बांधलेली जुडी कधी सुटली नव्हती. त्यांनी डोमाजींच्या मागं पाहिलं. दरवर्षी पोत्याला टेकून बसणारी सरूबाई आज तिथं नव्हती.

खांद्यावरचा दुपट्टा काढून गिरिधरजींनी डोमाजींच्या अन् आपल्या हातावर टाकला. पूर्वी सौदे असेच व्हायचे. कापडाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, बाकीच्यांना कळू द्यायचा नाही. ती रीत बंद पडून जमाना झाला होता. दोघं बराच वेळ तसेच उभे राहिले.

विक्कीला हसू आलं. "बाबा, या मातीमोल सांभाराले दुपट्टा काहून? किती ठरला?"

"भाव कोन करून राहिला गा?" गिरिधरजी म्हणाले. "सरूबाई गेली त्यायची. चारचौघात हात धराले दोन म्हाताऱ्यांले दुपट्टा लागते."