स्वयंपाकघरातली शांतता

नोकरी होती तो रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद पडल्यावर कुणापुढे कधी हात न पसरलेले बाबा माझ्या लॅपटॉपपाशी येऊन बसले. फ्रीलान्स कामासाठी त्यांची ओळख करून देणारा मेल मी लिहायला घेतला. “स्वतःबद्दल सांगा ना काहीतरी.” “मी काय सांगू? माझं रेकॉर्डिंगच बोलेल.” स्टुडिओतलं सगळं मालकाकडे राहिलेलं, नमुन्यादाखल घरी एकच फाइल सापडली. सिनेमात संवादांमागे घालायला शांतताही रेकॉर्ड करावी लागते; ही आमच्या स्वयंपाकघरातली होती. लावली तर आधी फ्रिजची घरघर आली, मग आईचा आवाज, ती गेल्यानंतर पहिल्यांदाच. “अहो, चहा केलाय. बसता का जरा माझ्याजवळ?” लगेच बाबांचा: “श्श! घालवलंस ना सगळं!” दार हळूच लागलं. पुढे त्यांना हवी होती तशी शांतता, शेवटपर्यंत. बाबांनी खिळ्यावरचे हेडफोन काढून कानांवर चढवले. “पुन्हा लाव,” म्हणाले, “मी बोलायच्या आधी थांबव.”