तुरट सोनं

फतेगंजातल्या त्या गल्लीत शिरताच कुणाच्याशा शेळीने वसुंधराबाईंच्या पिशवीत तोंड घातलं. पिशवीत आपट्याची पानं होती, दसऱ्याचं सोनं. बाईंनी हाकलायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. शेळ्या काय खातात आणि काय टाकतात, हे बघण्यात सारी नोकरी गेली. सवय अशी थोडीच सुटते.

पहिली पानं शेळीने अधाशासारखी ओढली. मग चावणं मंदावलं. ओठ चाटत ती जराशी थांबली, आणि पिशवी समोर उघडी असताना मान फिरवून कुंपणाकडच्या गवताला लागली.

"पोट भरलं वाटतं तिचं," फाटक उघडत अहल्यावहिनी म्हणाल्या.

"पोट कसलं भरतंय, वहिनी. पान तुरट असतं. त्यातलं टॅनिन तोंड कोरडं करतं, आणि पोटात गेलं की खाल्लेल्याचा कस धरून बसतं, अंगी लागू देत नाही. म्हणून शेळी थोडं इथलं खाते, थोडं तिथलं. आणि एखादा पाला एकदा बाधला ना, की तो ती विसरत नाही. वासानेच तोंड फिरवते."

बोलून गेल्या आणि त्यांनाच कसंसं झालं. या घराच्या दारात शेळ्यांचं नाव काढायची सोय नव्हती. आई गेली तेव्हा वसुंधराबाई आणंदला, प्रयोगातल्या शेळ्यांपाशी होत्या. पाला मोजून घालायचा, उरलेला तोलायचा. मध्येच सोडून आलं तर सगळंच मुसळ केरात. उद्या निघते म्हणाल्या, आणि उद्यापर्यंत आई थांबली नाही. तेव्हापासून दर दसऱ्याला त्या सोनं घेऊन बडोद्याला यायच्या, आणि लक्ष्मीकांतदादा ओसरीवरूनच म्हणायचे, "जा, तुझ्या शेळ्यांना घाल." त्यावर वर्षभर एक शब्द नाही.

बाई त्यालाही सरावल्या होत्या. चिडतो म्हणजे भाऊ आहे, एवढं तरी होतं. यंदा मात्र तो सोनं घेईल अशी वेडी आशा धरून त्या आल्या होत्या. दोघंही आता पिकली पानं, ताणून ताणून ताणायचं तरी किती?

"दादा आहे ना घरात?"

"आहेत. पण वन्सं..." वहिनींनी उगाच पदर सारखा केला. "पावसाळ्यापासून बरं नाही त्यांना. या, बघालच."

दादा ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली, सदरा मात्र इस्त्रीचा. बाई पायऱ्या चढून वर आल्या. कुणी अडवलं नाही. दादांनी मान वर केली आणि तोंडभर हसले.

"आवो, बेन," ते म्हणाले. "बेसो."

बेन! बहीण म्हणाला. सगळं गिळून शेवटी बहीण म्हणाला. वसुंधराबाईंनी पानं पुढे केली. "दादा, सोनं घे. सोन्यासारखा राहा."

दादांनी ओंजळीत घेतलं. बाई पाया पडायला वाकल्या, तशी त्यांनी ओशाळून पावलं खुर्चीखाली ओढून घेतली.

"अरे, अरे, बेन, आ शुं करो छो?"

बाई वाकलेल्या तशाच राहिल्या. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"घरच्यांशी मराठी आणि परक्यांशी गुजराती, एवढं अजून पक्कं आहे त्यांचं," वहिनी हळूच म्हणाल्या. "खंडेराव मार्केटातल्या भाजीवालीलाही ते बेनच म्हणतात, वन्सं."

दादा ओंजळीतल्या पानांकडे टक लावून बघत होते. एक पान उचलून त्यांनी तोंडात टाकलं.

"दादा, थुंक ते," बाई म्हणाल्या. "खायचं नसतं."

ते चावतच राहिले. तुरटपणाने ओठ आवळले, डोळे बारीक झाले, तरी त्यांनी गिळलं. मग दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. ओंजळ रिकामी झाली तेव्हा आणखी मागत त्यांनी ती तशीच वसुंधराबाईंपुढे धरली.

"बीजुं आपो ने, बेन."