शेवटचा थांबा

सुट्टीभर जादा फेऱ्या लागल्यामुळे बस ड्रायव्हरला पोरांना कुठेच नेता आलं नाही. शाळा सुरू झाल्यावर पहिला मोकळा रविवार मिळाला, तेव्हा त्याने ओशाळून विचारलं, "बोला, कुठे जायचं?"

"तू रोज जातोस तिथे," धाकटी म्हणाली.

"तिथे काय बघायचंय? शेवटचा थांबा तो. सात मिनिटं थांबायचं नि माघारी फिरायचं."

पण धाकटीने एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. तिघं त्याच्याच मार्गाच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसली. दर वळणाला त्याचा उजवा पाय आपसूक ब्रेक शोधायचा, आणि थोरला गालातल्या गालात हसायचा.

शेवटच्या थांब्यावर पोरं उतरली ती थेट शेडच्या मागे पळाली. त्यांना हाका मारत तो मागोमाग गेला, तर समोर भलंमोठं तळं. काठावर बाक, पाण्यात बदकं, पलीकडे झाडांची रांग.

पोरं दगड गोळा करायला लागली. हा बाकावर टेकतो न टेकतो तोच बस चालू झाल्याचा आवाज आला, तसा ताडकन उठला. "चला, सुटायची वेळ झाली."

धाकटीने बाही ओढून त्याला परत बसवलं. त्याच्याविना बस वळली आणि निघून गेली.

"बाबा, तू किती वर्षं येतोस इथे?" थोरल्याने विचारलं.

"बारा."

"मग आम्हाला आधी का नाही आणलंस?"

ड्रायव्हरने पायाशी पडलेला एक चपटा दगड उचलला.

"मला तरी कुठे कोणी आणलं होतं?"